धक्क्याकडे जाणारा आवाज

१

दुपारचं जेवण झालं, की लेओविहिल्दो खाटेवर आडवा व्हायचा, डोळे मिटायचा आणि रस्ता ऐकायचा. झोप लागेपर्यंतचा हा त्याचा रोजचा खेळ. बाहेरून एखादी रिकिंबिली, म्हणजे इंजिन लावलेली सायकल, फटफटत गेली, की शेजारी पडलेल्या बायकोला तो सांगायचा, “विफ्रेदो चालला. पाव लवकर संपलेले दिसतात आज.” नाहीतर, “ही नेरेइदा. चेनला तेल घाल म्हणून हिला किती वेळा सांगायचं!” ओनेलिया नुसती ‘हूं’ म्हणायची. त्याचं कधी चुकायचं नाही. चुकणार तरी कसं? सांता ब्रिहिदा गावातल्या सगळ्या रिकिंबिली त्याच्याच हातच्या होत्या.

साखर कारखान्याच्या वर्कशॉपात त्याने पस्तीस वर्षं काढली होती. पाच वर्षांपूर्वी कारखान्याचा भोंगा बंद झाला, आणि तेव्हापासून तो भंगारातून या गाड्या जुळवत होता. जुन्या चिनी सायकलीचा सांगाडा घ्यायचा, त्याच्या पोटात मिळेल ते इंजिन बसवायचं. कधी डासांसाठी धूर मारायच्या यंत्राचं, कधी पाण्याच्या पंपाचं, कधी झाडं कापायच्या करवतीचं. पेट्रोलसाठी प्लास्टिकची बाटली, सायलेन्सरसाठी दाढीच्या फेसाचा रिकामा डबा. एवढं क्यूबात गावोगावी सगळेच करायचे. पण लेओविहिल्दोला साधी गाडी बनवताच यायची नाही. पाववाल्या विफ्रेदोची गाडी म्हणजे मान लांब केलेला बगळा होता. पत्रं वाटणाऱ्या नेरेइदाची गाडी खेकडा होती. पेडल मारलं, की पुढच्या दोन नांग्या उघडायच्या आणि मिटायच्या. लोक हसायचे, पण रांगेत उभे राहून त्याच्याकडूनच गाडी करून घ्यायचे.

एप्रिलमधल्या त्या दुपारी भात आणि काळा घेवडा पोटात जड झाला होता. खिडकीच्या लाकडी पट्ट्यांमधून उन्हाच्या रेघा मच्छरदाणीवर पडल्या होत्या. रस्त्यावर लांबून आवाज आला. तीन ठोके, मग एक उसासा, आणि त्या उसाशात चमचा काचेच्या पेल्याला लागावा तशी बारीक किणकिण. तीन ठोके, उसासा, किणकिण. गाडी घरासमोरून सावकाश गेली आणि धक्क्याच्या रस्त्याला लागली.

लेओविहिल्दोने डोळे उघडले. त्याला ती गाडी ओळखता आली नव्हती.

“ही कोणाची?” तो स्वतःशीच म्हणाला.

“माझी,” झोपेतच ओनेलिया म्हणाली.

२

कॉफी पिताना त्याने विषय काढला, तर ती हसायलाच लागली.

“मी असं म्हणाले? म्हणाले असेन. चार वर्षं मागतेय तुझ्याकडे गाडी. अख्ख्या गावाला बगळे आणि खेकडे वाटलेस, बायकोला काय दिलंस? काठी!”

काठीचं खरं होतं. ओनेलियाच्या खुब्याचं हाड झिजलं होतं. घरातून अंगण आणि अंगणातून घर, एवढंच तिचं जग उरलं होतं. एके काळी ती कारखान्याच्या टेलिफोनवर बसायची, आणि सुट्टी झाली की सहा किलोमीटर चालत धक्क्यावर जायची, समुद्र बघायला. साखरेची पोती तराफ्यांवर चढवायचा तो जुना लाकडी धक्का आता कुजला होता. तिकडे फारसं कोणी फिरकत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो आवाज पुन्हा आला. तिसऱ्याही दिवशी. दोन वाजून दहा मिनिटांनी, कधी एक-दोन मिनिटं इकडेतिकडे. बाहेरगावचा कोणीतरी मासे आणायला जात असेल, असं लेओविहिल्दोने ठरवून टाकलं. पण मग तो परत का येत नाही? धक्क्याकडे जाणारा रस्ता धक्क्यापाशीच संपतो. गेलेल्याला याच वाटेने परत यावं लागतं. तो संध्याकाळपर्यंत कान लावून बसायचा. आवाज फक्त जायचा.

त्या रस्त्यावरचं शेवटचं घर नेरेइदाचं. त्याने तिला गाठलं.

“दुपारी तुझ्या दारावरून रोज एक गाडी जाते. कोण असतं गं?”

“माझ्या दारावरून?” नेरेइदाने पत्रांची पिशवी खांद्यावर सरकवली. “मिस्त्री, माझं कुत्रं पान हललं तरी भुंकतं. दुपारभर पाय पसरून घोरत असतं. कोणी जात नाही. हल्ली रम कुठली पितोस?”

चौथ्या दिवशी तो आडवा झालाच नाही. खिडकीच्या पट्ट्या उघडून उभा राहिला. समोर पांढराफटक रस्ता. पलीकडच्या तारेवर वाळत घातलेल्या चादरी. रस्त्याच्या मधोमध तीन-चार कोंबड्या धुळीत लोळत होत्या. दोन वाजून दहा झाले. आवाज कोपऱ्यावर आला, मोठा झाला, इतका जवळ की पेट्रोलचा वास यावा. रस्ता रिकामा होता.

उन्हात आवाजही लांबून, भलतीकडून ऐकू येतात, हे त्याला ठाऊक होतं. कारखान्याचा भोंगाही कधीकधी समुद्रावरून आल्यासारखा वाटायचा. तो मनाला हेच समजावत होता, तेवढ्यात मधल्या कोंबड्या उठल्या. घाई नाही, फडफड नाही. रोजच्या सवयीने दोन पावलं बाजूला झाल्या, गाडीला वाट दिली, आणि आवाज पुढे गेल्यावर पुन्हा मधोमध येऊन बसल्या.

३

ओनेलियाची गाडी करायला त्याने त्याच आठवड्यात घेतली. भीती वाटत होती, म्हणूनच कदाचित. हात कामात असले, की त्याचं डोकं ताळ्यावर राहायचं.

आणि काय गाडी केली त्याने! उंच दांडी काढून टाकली, म्हणजे तिला पाय उचलावा लागू नये. मागे दोन चाकं लावली. बसायला कारखान्याच्या सिनेमाघरातली लाल मखमलीची खुर्ची. पुढच्या चाकावर पत्र्याचं होडीचं नाक काढलं आणि होड्यांना लावतात तो निळा रंग दिला. वर छत्री. इंजिन त्याला कारखान्याच्या कोसळलेल्या पंपघरात मिळालं. छोटं, गंजलेलं, नंबरची पट्टी निघून गेलेलं. पस्तीस वर्षांत त्या पंपघरात असं इंजिन पाहिल्याचं त्याला आठवत नव्हतं. पण तिथे कशाकशावर काय काय पडलं होतं, कोणाला ठाऊक!

इंजिन पहिल्यांदा चालू केलं, तेव्हा तो श्वास रोखून उभा होता. खरखरीत, फाटका आवाज निघाला. अगदीच वेगळा. लेओविहिल्दो एकटाच मोठ्याने हसला.

सायलेन्सर मात्र गळत होता. त्याने दुसरा डबा झाळून लावला. फाटकेपणा गेला, आणि त्याच्या आतून तीन ठोके निघाले. सुटे, स्वच्छ. तीन ठोके आणि एक जागा मोकळी.

त्याचं हसू मावळलं. मग तो आवाज बदलायच्या मागे लागला. नळी लांब केली. मोकळ्या जागेत उसासा आला. नळी पुन्हा आखूड केली. उसासा तसाच राहिला, उलट जास्त खोल झाला. कार्बोरेटर उघडून धुतला, प्लग बदलला, चेनच्या दोन कड्या काढल्या. जे जे त्या आवाजापासून लांब जायला करावं, ते ते त्याला त्याच्याच जवळ नेत होतं. आपण आवाज बदलत नसून तो शोधतो आहोत, असं त्याला वाटायला लागलं.

“किणकिण नाही अजून,” तो स्वतःशी पुटपुटला. “किणकिण नाही तोवर ती ही नव्हे.”

शनिवारी ओनेलिया काठी टेकत शेडमध्ये आली. तिने हँडलला तारेने एक छोटा काचेचा पेला बांधला. “फुलं ठेवायला,” ती म्हणाली. “होडीत फुलं नकोत का?” आणि लहान मुलीसारखी खुर्चीत बसून तिने किल्ली फिरवली.

तीन ठोके, उसासा, किणकिण.

त्याने झडप घालून इंजिन बंद केलं. ती गेल्यावर पेला सोडून फडक्यात गुंडाळला, कपाटात ठेवला आणि इंजिन पुन्हा चालू केलं. किणकिण होतीच. इंजिनाच्या आतून कुठूनतरी येत होती.

४

“अजून चार दिवस लागतील,” तो म्हणाला. चार दिवसांनी म्हणाला, “इंजिन बरोबर नाही. दुसरं बघतो.”

ओनेलियाने हातातली तांदळाची परात खाली ठेवली. “खरं सांग.”

“खरंच सांगतोय.”

“म्हाताऱ्या, एकतीस वर्षं झाली. तू खोटं बोलायला लागलास की तुझी मान खाजते. काढ हात मानेवरून.”

मग त्याने सगळं सांगितलं. आवाज, रिकामा रस्ता, कोंबड्या. सांगताना ते फारच पोरकट वाटत होतं. वेडगळ म्हणून ती उडवून लावेल, अशी त्याला आशा होती. तिने उडवलं नाही. ती खिडकीकडे बघत राहिली.

“चालवणारा कसा चालवतो?” तिने विचारलं.

“म्हणजे?”

“घाईने, की निवांत?”

त्याने आठवून पाहिलं. “निवांत.”

“मग घाबरतोस कशाला?”

“ती गाडी परत येत नाही, ओनेलिया. रोज जाते आणि परत येत नाही.”

“चार वर्षं मी ही भिंत बघतेय, लेओ.” तिचा आवाज चढला नाही, पण त्याला तो लागला. “हिच्यावर कुठे पोपडा आलाय, कुठे पाल राहते, सगळं पाठ आहे मला. समुद्र सहा किलोमीटरवर आहे. एकदा जाऊन येईन. तू हवं तर मागून पळत ये.”

त्याने शेडमध्ये जाऊन इंजिन खोललं, पोत्यात घातलं आणि पोतं कोपऱ्यातल्या लोखंडाखाली दडपलं. आता ही गाडी गाडीच राहिली नाही, असं त्याने मनाशी म्हटलं. जी गाडी नाही तिचा आवाज कसा येईल?

त्या दुपारी आवाज आला. आणि पहिल्यांदाच दारासमोर थांबला.

पुढे गेला नाही. बाहेर उभा राहून चालूच राहिला. तीन ठोके, उसासा, किणकिण. कोणीतरी कोणाची वाट बघत असावं तसा. लेओविहिल्दो मच्छरदाणीत ताठ पडून होता. उन्हाच्या रेघा पांढऱ्या चादरीवर किंचित थरथरत होत्या. शेजारी ओनेलिया उठून बसली. तिचे डोळे मिटलेले होते. तिने न काठी शोधली, न कुरकुर केली. दोन्ही पाय सरळ जमिनीवर सोडले आणि पायांनी चपला चाचपायला लागली.

“आले, आले,” ती बाहेरच्याला म्हणाली, हसऱ्या, तरुण आवाजात.

त्याने तिला दोन्ही हातांनी धरलं आणि आवाज जाईपर्यंत सोडलं नाही.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने इंजिन पुन्हा बसवलं. हे कोणाला तरी न्यायला येतं, एवढं त्याला कळलं होतं. कोणाला, यावर कुठे काय लिहिलं होतं? जो बसेल तो. मग आपणच बसावं, आणि काय ते एकदाचं होऊन जावं.

जेवताना तो म्हणाला, “मी एक चक्कर मारून बघतो. ठीक चालली, तर उद्या तू.”

“टोपी घाल,” ती म्हणाली. “आणि धक्क्याच्या टोकाला जाऊ नकोस, फळ्या कुजल्यात.” आणि जाता जाता तिने त्याच्या शर्टाची कॉलर सारखी केली.

दोनला पाच मिनिटं कमी असताना तो निघाला. गाडी पाण्यावरून जावी तशी जात होती. आपण अशी गाडी आजवर केली नव्हती, हे त्याला त्या धास्तीतही जाणवलं आणि बरं वाटलं. नेरेइदाचं घर मागे पडलं. कुत्रं घोरत होतं. पुढे नुसतं मिठागर, पांढरं आणि निळं, आकाश कुठे सुरू होतं ते कळू नये असं. छत्रीची सावली त्याच्याबरोबर तरंगत होती. त्याला झोप आल्यासारखं होत होतं, जागेपणीच येते तशी गोड झोप. आणि केव्हातरी लक्षात आलं, की ठोके दुहेरी पडताहेत. मागून दुसरी गाडी येत होती. त्याने मागे पाहिलं नाही. ती जवळ आली, तिचे ठोके याच्या ठोक्यांवर बरोबर बसले, आणि पुन्हा एकच आवाज उरला.

धक्क्यापाशी त्याने इंजिन बंद केलं.

आवाज बंद झाला नाही. त्याच्या अंगाभोवती एक चक्कर घेऊन तो वळला आणि गावाकडे निघाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा परत निघाला. लेओविहिल्दोने मान वळवली. तापलेल्या हवेत रस्ता थरथरत होता, आणि त्या थरथरीत काहीतरी निळं, त्यावर लाल, त्यावर पाठमोरी टोपी. कॉलर नीट बसवलेली. मग ऊन डोळ्यांवर आलं आणि काही राहिलं नाही.

त्याने खाली पाहिलं. गाडी त्याच्याखालीच होती, मखमल गरम लागत होती. मृगजळ, तो मनाशी म्हणाला. मिठागरावर होड्या उलट्या दिसतात, मग माणूस का दिसू नये? पण छातीवरचं ओझं उतरलं होतं. ते परत गेलं. म्हणजे संपलं. उद्या ओनेलियाला इथे आणायचं, तो समुद्राकडे बघत ठरवत होता.

इंजिन पुन्हा चालू झालं नाही. प्लग पुसला, बाटली हलवली, लाथ घातली. शेवटी त्याने गाडी ढकलायला सुरुवात केली.

नेरेइदाच्या घरापाशी आला, तेव्हा ती खेकड्यावरून समोरून येत होती. ती थांबली. “बिघडली का हो?” तिने अदबीने विचारलं. “पुढे डावीकडे मिस्त्रीचं घर आहे बघा, हिरव्या दाराचं. लेओविहिल्दो म्हणून विचारा. माणूस जरा विक्षिप्त आहे, पण करून देईल.”

“कर, चेष्टा कर,” तो धापा टाकत हसला. “तेल घाल आधी चेनला.”

ती हसली नाही. माणसं अनोळखी माणसाकडे बघतात तशी क्षणभर बघत राहिली, आणि नांग्या हलवत निघून गेली.

६

हिरवं दार अर्धं उघडं होतं. ओनेलिया उंबऱ्यात उभी होती, काठीशिवाय, चौकटीला हात लावून. त्याला बघताच तिने ओठांवर बोट ठेवलं.

“हळू हं. ते आत्ताच झोपलेत,” ती कुजबुजली. “इंजिनाचं काम असेल तर चारनंतर या.”

तो पायरीखाली थांबला. ती बोलायची पद्धत त्याने ऐकली होती. टेलिफोनवर, लांबच्या लोकांशी ती असंच बोलायची. एकतीस वर्षांत त्याच्याशी तसं कधी बोलली नव्हती.

“ओनेलिया, मला उशीर झाला. गाडी बंद पडली वाटेत.”

“तुम्हाला माझं नाव कोणी सांगितलं?” तिने विचारलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, थट्टा नव्हती. मग तिची नजर गाडीवर गेली आणि चेहरा उजळला. “अगंबाई, होडी! किती सुंदर आहे हो. कोणासाठी केलीत?”

“तुझ्यासाठी. समुद्रावर जायला.”

“चेष्टा करता गरिबाची,” ती म्हणाली, आणि एक पाऊल मागे सरकली. “आज बाहेर फार ऊन लागलंय त्यांना. परत आले ते थंडगार हात घेऊन. पाणीसुद्धा नको म्हणाले.”

तो पायरी चढला. ती बाजूला झाली नाही. तिने दुसरा हातही चौकटीवर ठेवला. तिच्या खांद्यावरून त्याला आतली खोली दिसत होती. लाकडी पट्ट्यांमधून आलेल्या उन्हाच्या रेघा, मच्छरदाणी, तिच्यामागे खाटेची त्याची बाजू. चादर डोक्यापर्यंत ओढलेली. खाली दोन तळपाय उघडे, आणि त्यांना कोरडं पांढरं मीठ लागलेलं.

त्याने आपल्या पायांकडे पाहिलं नाही. पाहायला हवं होतं, पण त्याला ते जमलं नाही.

“ओनेलिया,” तो मोठ्याने म्हणाला. “मला आत येऊ दे. तो मी नाही. नीट बघ माझ्याकडे.”

तिने पाहिलं. खरोखर नीट, डोळे बारीक करून, खूप वेळ पाहिलं. तिच्या नजरेत काहीतरी हललंसं त्याला वाटलं, आणि त्या एका क्षणाला त्याने सगळा जीव लावला. आत खाट करकरली. चादरीखालचे तळपाय हळूच वर ओढले गेले.

“कोण आहे गं?” आतून त्याचाच आवाज म्हणाला, झोपेने जड झालेला.

ओनेलिया अजून त्याच्याकडेच बघत होती.

“कोणी नाही,” ती म्हणाली, आणि झोपलेल्या माणसाची झोप मोडू नये, तसं दार अगदी अलगद लावून घेतलं.